मोठ्या मायचे वय किती?

आमच्या वस्तीतल्या दुसरीच्या पोराला झोपेतून उठवून बाबासाहेबांची जन्मतारीख विचारली, तरी तो १४ एप्रिल १८९१ असे बिनचूक सांगेल. त्याच पोराला ‘तुझ्या पणजीचा जन्म कधीचा रे?’ असे विचारा. तो आईकडे बघेल, आई सासूकडे बघेल आणि सासू म्हणेल, “आमच्या टायमाला कोण लिहून ठेवीत व्हतं, बाप्पा!”

वाचकहो, ही गोष्ट आपल्या बहुतेक घरांची आहे. म्हणूनच अंबड तालुक्यातील आमच्या वस्तीत यंदा जे घडले, ते सर्वांना सांगावेसे वाटले.

आमच्या वस्तीत सर्वांत वडीलधारी म्हणजे मोठी माय. तिचे खरे नाव पोस्टमन आणि तलाठी सोडले तर कोणी घेत नाही. पाठ वाकली आहे, एका कानाने कमी ऐकू येते. पण पहाटे उठून स्वतःची चूल स्वतः पेटवते. विहारात वंदनेला आली की दाराशी चप्पल काढून ती नीट जोडीने लावून ठेवते. तिचा पणतू जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो गावी आला, त्याने मायचे आधार कार्ड पाहिले आणि आनंदाने ओरडत बाहेर आला. कार्डावर जन्म १ जानेवारी १९२५ होता. म्हणजे मोठ्या मायला शंभर वर्षे पूर्ण झाली!

मग काय विचारता! पोरांनी वर्गणी काढायचे ठरवले. ‘शतायुषी माता’ असा फ्लेक्स, मंडप, डीजे, आमदारांना निमंत्रण, शाल आणि मानपत्र असा सगळा बेत झाला. मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी शाळामास्तर. मी वही घेऊन मायच्या ओट्यावर बसलो आणि म्हणालो, “माय, तू शंभर वर्षांची झालीस.”

माय हसली नाही. म्हणाली, “कोणी मोजले?”

कागदावरचे वय

कागदावरचे वय कसे पडते ते आपल्याला ठाऊक आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ सालचा. त्याआधी खेड्यापाड्यात, त्यातही गावकुसाबाहेर जन्मलेल्या लेकराची नोंद कोण करणार? शाळेत गेलेल्यांना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख दिली, कारण जूनमध्ये शाळा उघडते. शाळेतच न गेलेल्यांना पुढे कार्ड काढणाऱ्याने चेहरा पाहून साल दिले आणि १ जानेवारी लावून टाकली. मायच्या मतदार कार्डावर एक वय आहे, रेशन कार्डावर दुसरे आणि आधारवर तिसरे.

“त्या पोराने इचारलं, आजी वय किती? म्या म्हणलं, तुला वाटंल ते लिही,” माय म्हणाली. “त्याला शंभराच्या आसपास वाटलं आसंल. पर तुम्ही आता बाबासाहेबाच्या फोटोपुढं सांगणार ना? मग खरं काढा. मुसावादा येरमणी रोज म्हणता अन् खोटी शंभरी करता व्हय?”

पोरांचे चेहरे उतरले. फ्लेक्सवाल्याला आगाऊ पैसे दिलेले होते. पण मायच्या शब्दापुढे कोण जाणार? तेव्हा ठरले, की मायचे खरे वय काढायचे. त्यासाठी चार संध्याकाळ आम्ही तिच्या ओट्यावर बसलो.

जोहार गेला, जयभीम आला

जनगणनेच्या कामावर असताना आम्हा मास्तर मंडळींना एक युक्ती शिकवलेली असते. माणसाला वय सांगता येत नसेल, तर मोठी घटना विचारायची. पूर, दुष्काळ, लढाई, साथ यांपैकी जे आठवत असेल ते. तेव्हा तुम्ही केवढ्या होता, लग्न झाले होते का, कडेवर कोण होते, हे विचारून वर्ष गाठायचे. मी तेच केले.

सर्वांत जुने काय आठवते, असे विचारल्यावर मायने डोळे मिटले. म्हणाली, “मपला बाप पाटलाला जोहार घालायचा. एका हिवाळ्यात परगावाहून आला अन् म्हणला, आता आपण एकमेकाला जयभीम म्हणायचं. म्या म्हणाया लागले, तर दातातून हवा जायची. म्होरचे दोन दात पडले व्हते. समदे हसले.”

माझ्या अंगावर काटा आला. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने बाबासाहेबांची परिषद झाली. निजामाच्या राज्यातील आपल्या लोकांसाठी ती मोठी घटना होती, आणि जयभीम या अभिवादनाची आठवण त्या परिषदेशी जोडलेली आहे. मायचा बाप तिथे स्वतः गेला होता की कोणाकडून ऐकून आला होता, हे तिला सांगता येत नाही. पण पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. म्हणजे जन्म १९३२च्या आसपासचा. ज्या बाईने अक्षर गिरवले नाही, तिच्या पडलेल्या दातांनी चळवळीची तारीख जपून ठेवली होती.

भावाची नोंद

दुसऱ्या संध्याकाळी मायच्या धाकट्या भावाचा विषय निघाला. तो आता हयात नाही. मायने त्याला कडेवर वागवला. तो चालायला लागला, तेव्हा ही पाच वर्षांची असेल. भाऊ शाळेत गेला, बहीण शेण गोळा करायला गेली. त्या काळी आपली पोरे वर्गात नव्हे, ओट्याखाली बसत. तरी हजेरीत नाव लागले होते. भावाच्या नातवाने पेटीतून दाखल्याचा एक विटलेला कागद आणला. तो उर्दूत होता. गावातील एका वयोवृद्ध मौलवी साहेबांनी चष्मा पुसून तो वाचून दिला: वय सात वर्षे, प्रवेश फसली १३५३.

नव्या पिढीसाठी सांगतो. निजामाच्या दप्तरात इंग्रजी सन नव्हे, फसली सन चाले. त्याचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले, की ते वर्ष ज्या ऑक्टोबरात सुरू झाले तो इंग्रजी सन मिळतो. १३५३ म्हणजे १९४३-४४. भाऊ तेव्हा सात वर्षांचा, तर त्याचा जन्म १९३६-३७ चा. बहीण चार-पाच वर्षांनी मोठी. पुन्हा १९३२! आपल्या घरात जुना फसली कागद असेल तर तो रद्दीत टाकू नका. त्यात कोणाचे तरी वय दडलेले असते.

एकाच शिवारात दोनदा

मायचे लग्न हाली सिक्क्याच्या काळात, म्हणजे निजामाचे स्वतःचे नाणे चालत होते तेव्हा झाले. ती नांदायला आली आणि रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. १९४८च्या सप्टेंबरात भारत सरकारचे सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १३ तारखेला कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. “पोळा नुकताच झाला व्हता. थोरला पोटात व्हता. चार राती आम्ही बाया ज्वारीत बसून काढल्या. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा.” तेव्हा माय सोळा वर्षांची होती.

१९५६च्या ऑक्टोबरात मायचा नवरा जालना स्टेशनवरून नागपूरला गेला. मनमाडपर्यंत छोटी गाडी आणि पुढे मोठी गाडी. माय गेली नाही, कारण तिसरे लेकरू अंगावर पीत होते. १४ ऑक्टोबरला दीक्षा घेऊन तो परत आला आणि त्याने देव्हारा टोपल्यात भरून नदीत सोडला. “मला भ्या वाटलं. सासू तर रडली. पर त्यो म्हणला, ज्यानं आपल्याला माणूस केलं त्याचं ऐकायचं. त्या दिसापासून मेलेलं जनावर आमच्या घरानं ओढलं न्हाई.” १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पावणेदोन महिन्यांत धर्म बदलला, राज्य बदलले आणि बाप हरपला. ती बातमी सांगताना माय अजूनही पदर डोळ्याला लावते. आम्ही त्या संध्याकाळी पुढे काही विचारले नाही.

१९७२चा दुष्काळ ती बोटांवर सांगते. खडी फोडायला सासू-सून दोघी एकाच रस्त्यावर होत्या. सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढले. माय तेव्हा चाळीस वर्षांची होती.

आणि मग १९७८. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो १ मे १९८१ रोजी झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. आमच्या गावात तसे काही घडले नाही. पण बातम्या ऐकून वस्तीने रात्री घराबाहेर काढल्या. “त्याच शिवारात बसले. तवा पोटातल्या लेकरासाठी भ्याले, आता नातवंडासाठी. तवा रझाकार व्हते, परकं राज्य व्हतं. आता तर आपलंच राज्य व्हतं की रं!” ती हे रागाने म्हणाली नाही. नुसते विचारल्यासारखे म्हणाली. उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

१४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. मायचा नातू तेव्हा औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयात शिकत होता. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले हे महाविद्यालय. मायने त्या दिवशी वस्तीत गूळ वाटला.

वहीत सगळी बेरीज मांडली. जन्म १९३२. महिना तिला तिच्या आईने सांगितलेला होता: पोळ्याचा दुसरा दिवस. म्हणजे २०२५च्या पोळ्याला त्र्याण्णव पूर्ण. शंभर नाहीत.

त्र्याण्णवसुद्धा काही थोडे नव्हेत

पोरांची समजूत काढताना मी त्यांना शांताबाई कांबळे यांची गोष्ट सांगितली. सोलापूर जिल्ह्यातील महूद गावी १ मार्च १९२३ रोजी जन्मलेली ही मुलगी गरिबीत शिकली, शिक्षिका झाली आणि निवृत्तीनंतर तिने आपले आयुष्य लिहून काढले. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे दलित स्त्रीने लिहिलेल्या पहिल्या आत्मकथनांपैकी एक. दूरदर्शनवर त्याची ‘नाजुका’ ही मालिका झाली. जानेवारी २०२३ मध्ये शांताबाई गेल्या, तेव्हा शंभरी भरायला काही आठवडेच उरले होते. शंभरी हुकली म्हणून त्यांचे आयुष्य उणे झाले काय? त्यांनी काय पाहिले आणि काय सोसले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. हीच त्यांची शंभरी.

पण ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे काय? मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघी भगिनींनी गावोगाव हिंडून बाबासाहेबांच्या चळवळीतल्या वयोवृद्ध स्त्रियांना गाठले, त्यांच्याजवळ बसून त्यांचे बोलणे टिपून घेतले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. नोकरी, घर सांभाळून केलेले हे काम. त्यात बोललेल्या अनेक माउल्या पुढे राहिल्या नाहीत. त्या दोघींनी आणखी काही वर्षे थांबायचे ठरवले असते, तर ते बोलणे त्यांच्याबरोबरच गेले असते.

मला माझ्या वडिलांची आठवण येते. ते १९६४च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, एवढेच मला माहीत आहे. कोणत्या तुरुंगात, किती दिवस, बरोबर कोण होते, हे विचारीन विचारीन म्हणत राहिलो. मास्तर असून विचारले नाही. आता कोणाला विचारू?

वडीलधाऱ्यांचा मान राखणे हा आपल्या धम्माचाच भाग आहे. मंगल प्रसंगी भन्तेजी जी आशीर्वादाची गाथा म्हणतात ती धम्मपदातील आहे. जो नित्य वृद्धांचा आदर करतो त्याचे आयुष्य, वर्ण, सुख आणि बळ वाढते, असा तिचा आशय आहे. सिगाल नावाच्या तरुणाला उपदेश करताना भगवंतांनी आईवडिलांची सेवा हे मुलांचे पहिले कर्तव्य सांगितले. महामायेच्या पश्चात सिद्धार्थाला वाढवणारी महाप्रजापती गौतमी दीर्घायुषी झाली, आणि उतारवयात पायी चालत वैशालीला जाऊन तिने स्त्रियांसाठी संघाचे दार उघडून घेतले. आपल्या परंपरेत म्हातारी बाई कोपऱ्यात बसलेली नाही.

सत्कार कसा झाला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारात कार्यक्रम झाला. वर्षावास चालू असल्याने रोज ग्रंथवाचन होतेच. त्या दिवशी वाचनानंतर मायला पुढे बसवले. डीजे आला नाही. फ्लेक्सवाल्याने भला विचार करून ‘शतायुषी’ शब्दावर नवा कागद चिकटवून दिला: ‘त्र्याण्णव वर्षांची आमची मोठी माय’. त्रिशरण-पंचशील झाले. पणतूने शाल पांघरली. आमदार आले नाहीत, पण मौलवी साहेब काठी टेकत आले आणि मायजवळच बसले.

मग मानपत्राऐवजी वही वाचली. पडलेले दात, फसली सन, ज्वारीतल्या चार रात्री, टोपल्यातला देव्हारा, खडी आणि पुन्हा तेच शिवार. मोबाइलवर बोटे फिरवणारी पोरे फोन खाली ठेवून ऐकत होती. मायच्या सख्ख्या सुनेने डोळे पुसत सांगितले, की पन्नास वर्षे एका घरात राहून यातले अर्धे तिने पहिल्यांदा ऐकले.

शेवटी पणतूने विचारले, “माय, तुला काय पाहिजे?”

मायने वस्तीकडे पाहिले. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरे कुलूपबंद होतात. माणसे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. मागे राहतात फक्त म्हातारी माणसे. कोयत्याबरोबर लेकरेही जातात आणि त्यांची शाळा सुटते.

“मला नगं काही,” माय म्हणाली. “मंडपाचे पैसे वाचले ना? मग यंदा जाताना शिकती लेकरं हितं ठिवून जा. म्या हाय, बाकीच्या म्हाताऱ्या हायत. भाकरी आम्ही टाकू. मास्तर अभ्यास घेईल. मपल्या भावाचं नाव हजेरीत व्हतं म्हणून आज मपलं वय सापडलं. ह्या लेकरायचं नाव हजेरीतून कामून कापायचं?”

विहारात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली. त्या रात्री तीन कुटुंबांनी लेकरे मागे ठेवण्याचे कबूल केले. जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहासाठी आम्ही अर्जही करणार आहोत. तीन घरे म्हणजे फार नव्हे. पण सुरुवात झाली.

आपल्या घरी हे करा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. एका बैठकीत सगळे विचारू नका, ती थकतात. पुढील प्रश्न उपयोगी पडतील:

– पहिल्यांदा जयभीम कोणाकडून ऐकले? तेव्हा तुम्ही केवढ्या होता?
– रझाकारांच्या वेळी, म्हणजे १९४८ला, लग्न झाले होते का? कडेवर कोण होते?
– १९५६ला घरातून नागपूरला कोण गेले? बाबासाहेब गेल्याचे कोणी सांगितले?
– १९७२च्या दुष्काळात कोणत्या कामावर होता?
– १९७८ला आणि नामविस्ताराच्या दिवशी, १४ जानेवारी १९९४ला, कुठे होता?

त्यांचे हक्काचेही पाहा. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा १५०० रुपये मिळतात. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही तर ते अडकतात. राबून राबून बोटांचे ठसे पुसलेले असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. तेव्हा म्हातारीला एकटी पाठवू नका, बरोबर जा. ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास २०२२पासून मोफत आहे. आणि ज्या घरात आईबाप उपाशी झोपतात, त्या घराने २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचावा. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. पण आपल्यापैकी कोणावर ती वेळ येऊ नये.

मायची वही आता विहाराच्या कपाटात ग्रंथाशेजारी ठेवली आहे. वहीची शेवटची पाने कोरी आहेत. परवा माय येऊन म्हणाली, “मास्तर, एक राहिलं बघ. मपल्या आईचं नाव लिही. तिचं तर कुठल्याच कागदावर न्हाई.”

मी लिहिले.

मोठ्या मायला उदंड आयुरारोग्य लाभो, हीच मंगल कामना. जयभीम! नमो बुद्धाय!